वाळवंटातली वाट : स्वार आणि सोबती

वाळवंटात घोड्यावरून नवी वाट काढायची, तर दोन पाणवठ्यांमधले अंतर घोड्याला झेपते का, हे आधी शोधावे लागते. भारतात अशा शोधाची जागा म्हणजे थरचे वाळवंट. सुमारे २ लाख चौरस किलोमीटरच्या या प्रदेशाचा मोठा भाग राजस्थानात आहे. त्याच्या पश्चिमेला, जैसलमेरच्या बाजूला, वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. परभणी जिल्ह्यात सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तरीही टँकरची वाट पाहण्याचे उन्हाळे या जिल्ह्याने पाहिले आहेत.

याच जिल्ह्यातल्या मानवतचा माणूस या विषयाकडे काळ्या मातीतून पाहतो. ही कापसाची बाजारपेठ. इथली जमीन पावसाळ्यात पायाला लोंद्यांनी चिकटते आणि वैशाखात खूर अडकेल एवढी भेगाळते. वाळू दिसते ती गोदावरीच्या पात्रात. घोडा दिसतो तो वरातीत, नाहीतर मार्गशीर्षात, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, जिथे घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा गावातल्या दोन मित्रांनी थरमध्ये घोड्यावरून आडवाट धरायची ठरवली, तर त्यांच्यात कोणते वाद होतील, ते पुढच्या कल्पित संवादात मांडले आहे. एकाला इथे स्वार म्हटले आहे आणि दुसऱ्याला सोबती. स्वाराला वाट हवी आहे. सोबत्याला आधी पाणी कुठे आहे ते कळायला हवे आहे.

स्वार : डांबरी रस्त्यानंच जायचं, तर जीपनं जावं की गड्या. जैसलमेरहून समच्या टेकड्या चाळीसेक किलोमीटर. तिथं गाड्यांची रांग, उंटावर बसून फोटो, झालं वाळवंट. आपण रस्ता सोडू. कुलधऱ्यावरून, खाभ्यावरून, मधल्या माळानं जाऊ. जिथं कुणी जात नाही तिकडून.

सोबती : कुणी जात नाही म्हणजे आपल्याकडचं कुणी जात नाही. तिथला मेंढपाळ रोज जात असेल. त्याला विचारलं तर तो सांगेल, ही वाट माझ्या आजानं बघितलेली आहे.

स्वार : असू दे. मला तर नवीच ना?

सोबती : तुला नवी आहे, हे मान्य. पण रिकामी नाही, एवढं ध्यानात ठेव.

या पहिल्या मुद्द्यावर भूगोल सोबत्याच्या बाजूने आहे. थरचा बराच भाग वाळूच्या टेकड्यांचा नाही. खडकाळ माळ, मुरमाड सपाटी आणि टेकड्यांमधल्या घट्ट पट्ट्या यांनी तो व्यापलेला आहे. चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकडीची वाऱ्याकडची बाजू उताराला सौम्य आणि पायाखाली तुलनेने घट्ट असते. आडोशाची बाजू तीस-पस्तीस अंशांत घसरत असते आणि तिथे खूर घोट्यापर्यंत रुततो. मऊ वाळूत प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते, त्यामुळे पायाच्या मागच्या कंडऱ्यांवर ताण येतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून जाणता माणूस घोडा टेकडीवर चढवत नाही, दोन टेकड्यांमधून काढतो. मेंढ्या, उंट आणि माणसे शेकडो वर्षे तिथूनच गेली आहेत.

कुलधरा आणि खाभा ही पालीवाल ब्राह्मणांची ओसाड पडलेली गावे. पालीवालांनी या भागात खडीन बांधले. उतारावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून शेतात अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक काढायचे, अशी ही पद्धत. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ती सांगून समजावावी लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत ही वस्ती उठून गेली, पण तिच्या काळातल्या वाटा बांधांना आणि विहिरींना जोडलेल्या होत्या. आज तिथून जाणारा स्वार कळत-नकळत त्यांच्याच पाण्याच्या मागाने जातो.

स्वार : बरं, वाट जुनी. पण घोडा तर वाळवंटातलाच आहे ना? मारवाडी घोडा. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, उंच मान, लांब पाय. त्याला या उन्हाची सवय आहे.

सोबती : सवय उंटाला आहे. घोडा उन्हात टिकतो, पण पाण्याच्या जोरावर. ते जोवर आहे, तोवरच.

हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण सगळा बेत त्यावर उभा राहतो. धावताना स्नायूंत जी ऊर्जा खर्च होते, तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन अंगात साठतो. ती बाहेर टाकण्याचा घोड्याचा मुख्य मार्ग घाम. कडक उन्हात जोरात काम करणारा घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. ठाणावर स्वस्थ उभा असलेला घोडासुद्धा हवेप्रमाणे आणि चाऱ्याप्रमाणे दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो. उंट शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके पाणी गमावूनही उभा राहतो आणि पाणवठ्यावर आल्यावर काही मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन ते भरून काढतो. घोड्याच्या वजनाच्या दहा टक्के पाणी गेले, तर त्याचा जीव धोक्यात येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट घामाच्या खारटपणाची आहे. माणसाच्या घामात क्षार रक्तापेक्षा कमी असतात. घाम गेला की रक्त अधिक खारट होते आणि मेंदूला तहानेचा निरोप जातो. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असतो. पाण्याबरोबर क्षारही तेवढेच निघून जातात, रक्ताचा खारटपणा फारसा बदलत नाही, आणि तहानेचा निरोप जातच नाही. पार सुकलेला घोडा भरल्या टाकीपुढे उभा करावा आणि त्याने तोंडही लावू नये, असे यामुळे घडते. स्वार समजतो, याला तहान नाही. खरे तर त्याचे अंग तहान सांगण्याच्या पलीकडे गेलेले असते.

स्वार : मग घोड्याचं कसं चाललंय, ते कळायचं कशावरून?

सोबती : हात लावून. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर ठीक, घडी राहिली तर पाणी कमी झालंय. हिरडी बघायची, ओली आहे का. अंगठ्यानं दाबून सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. पोटाला कान लावायचा. पोट गुरगुरतंय तोवर भीती नाही, गप्प झालं की उतरायचं.

स्वार : आणि नाडी?

सोबती : ठाणावर असताना मिनिटाला तीस-चाळीस. चालून आल्यावर वाढणारच. पण थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ती चौसष्टच्या खाली आली नाही, तर त्या दिवसाची रपेट संपली.

चौसष्टचा हा आकडा लांब पल्ल्याच्या घोडशर्यतींतून आलेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा डोंगरांतून १९५५ पासून १०० मैलांची टेव्हिस कप ही शर्यत होते. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य घोडा तपासतात आणि नापास झालेल्या घोड्याला पुढे जाऊ देत नाहीत. शेवटची रेघ ओलांडल्यावरही, हा घोडा आणखी चालू शकेल असा पशुवैद्याचा निर्वाळा मिळाला, तरच ती फेरी पूर्ण धरतात. नवी वाट काढणाऱ्यांनी तिथून घेण्यासारखा नियम कोणता, तर हाच.

पोटाचा मुद्दा मऊ जमिनीवर आणखी गंभीर होतो. वाळूवर टाकलेला चारा खाताना घोडा वाळूही गिळतो. ती मोठ्या आतड्यात साठते आणि त्यातून पोटशूळ उठतो. म्हणून वाळवंटात दाणा तोबऱ्यात द्यावा आणि चारा कापडावर किंवा जाळीत घालावा. निघण्यापूर्वी भरपूर चारा देण्याचे कारणही पोटातच आहे. तंतुमय चारा मोठ्या आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि वाटेत ते अंगाला मिळत राहते. घोड्याने बरोबर न्यावे असे पाणी एवढेच. बाकीचे त्याच्या पाठीवर नेता येत नाही, आणि इथून पुढचा वाद सुरू होतो.

स्वार : पाण्याच्या पिशव्या खोगिराला बांधू. दोन दिवसांचं पाणी नेलं की कुणाच्या दारात उभं राहायला नको.

सोबती : हिशेब कर. घोडा चारशे किलोचा. वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं त्याच्यावर घालू नये, म्हणजे ऐंशी किलो. तू पासष्ट, खोगीर-लगाम दहा. राहिले पाच. त्यात पाच लिटर मावतं. घोड्याला दिवसाला लागतं चाळीस.

स्वार : मग उंटगाडी बरोबर घ्यावी.

सोबती : घ्यावीच. पण मग गाडी जाईल तिथंच आपल्याला जाता येईल.

गणित इतके सरळ आहे की त्यात पळवाट नाही. घोडा स्वतःचे पाणी स्वतः वाहू शकत नाही. त्यामुळे वाळवंटातली घोड्याची वाट पाण्यापासून पाण्यापर्यंत जाते, आणि तिचे टप्पे घोड्याची चाल ठरवते. साध्या चालीने घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो, वाळूत त्याहून कमी. उन्हाची मधली वेळ सोडली, तर दिवसाला २५-३० किलोमीटर पुरे. त्यातही मध्यावर एकदा पाणी मिळाले पाहिजे. नामिबच्या वाळवंटात रानटी झालेले घोडे आहेत. तेही गारुब इथल्या कूपनलिकेच्या आसऱ्याने जगले, आणि ती मुळात आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांसाठी खोदलेली होती.

युद्धाच्या इतिहासातही हाच हिशेब दिसतो. मानवत त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. पहिल्या महायुद्धात हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांचे घोडदळ एकाच ब्रिगेडमध्ये सिनाई-पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा घेतले ते जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी. त्याच्या आदल्या वर्षी, ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी, बीरशेबावर ऑस्ट्रेलियन घोडदळाने सायंकाळी सरळ धाव घेतली. तिथल्या विहिरी त्या रात्रीच हाती येणे भाग होते, कारण हजारो घोडे तहानलेले होते. सेनापतींच्या नकाशावर विहिरी पहिल्या असत. दोन मित्रांच्या नकाशावरही त्या तशाच पहिल्या असाव्यात.

स्वार : म्हणजे गाव आलं की विहिरीवर जायचं. पाहुण्याला पाणी नाही म्हणणारं गाव मी तरी बघितलं नाही.

सोबती : म्हणूनच भीती वाटते. ते नाही म्हणणार नाहीत. आणि आपला घोडा त्यांच्या घराचं पाणी पिऊन जाईल.

या संवादातला सर्वांत वजनदार युक्तिवाद हा आहे. थरच्या काही भागांत वाळूखाली खडूसारख्या दगडाचा किंवा जिप्समचा थर असतो. पावसाचे पाणी त्या थरावर ओलीच्या रूपाने अडून राहते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ही ओल गोळा करण्यासाठी अरुंद तोंडाच्या, खोल कुई खोदतात. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूँदें’ या हिंदी पुस्तकात त्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. अशा कुईत दिवसभरात जेमतेम दोन-तीन घडे पाणी झिरपते. एका घोड्याची एका दिवसाची तहान त्याहून मोठी आहे. दोन मित्र दोन घोडे घेऊन संध्याकाळी अशा वस्तीवर उतरले, तर तिथल्या माणसांचे काही दिवसांचे पाणी एका रात्रीत संपेल, आणि यजमान ते हसतमुखाने देईल. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, हे ज्या मराठवाड्याने पाहिले, तिथल्या माणसाला हे दोनदा सांगावे लागू नये.

पाणवठ्यांतही फरक असतो. मोठा तलाव, सरकारी नळयोजनेची टाकी, इंदिरा गांधी कालव्याचा फाटा किंवा जनावरांसाठी बांधलेला हौद इथे घोडे पाजायला हरकत नसते. कुई आणि घरच्या अंगणातले टाके यांना मात्र हात लावू नये. स्वाराने हे मान्य केले तर त्याची वाट लांबते आणि वळणे घेते. तसे व्हावे हेच योग्य.

स्वार : घोडा आपला नेला तर? माळेगावला भीमथडी घ्यायचं, वर्षभर मांड पक्की करायची आणि तेच घेऊन जायचं. मराठ्यांच्या फौजा याच तट्टांवर दौडल्या.

सोबती : तट्टू काटक आहे, नाही कुठं म्हणतोय मी? पण नर्मदा ओलांडून वाळूत नेऊन त्याच्यावर प्रयोग करायचा कशाला?

भीमेच्या खोऱ्यातले हे बुटके, काटक घोडे मराठा घोडदळाचे बळ होते. पुढे त्यांना टिकवले ते प्रामुख्याने धनगरांनी. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरड्या पठारांवरून मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या त्यांच्या वाड्यांचा, म्हणजे तांड्यांचा, संसार याच घोड्यांच्या पाठीवर चालतो. भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच नोंदली गेली. दुष्काळी प्रदेशात घोड्यासह वाट काढण्याचे महाराष्ट्राचे खरे ज्ञान या धनगरांकडे आहे. कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्याला पाणी असते, कुठल्या शेतकऱ्याचे रान बसायला मिळते, कुठे चारा उरलेला असतो, हे त्यांना पाठ असते. आडवाट शिकायची असेल, तर थरला जाण्याआधी एखाद्या वाड्याबरोबर चार मुक्काम करावेत. मोबाइलवरच्या नकाशातून हे शिकता येत नाही.

तरीही थरमध्ये तिथलाच घोडा घ्यावा, हे सोबत्याचे म्हणणे बरोबर आहे. परराज्यात घोडा नेताना आरोग्याचा दाखला लागतो आणि ग्लँडर्ससारख्या रोगाची तपासणी करावी लागते. हा रोग माणसालाही होतो, त्यामुळे त्यात सवलत मागू नये. शिवाय लांबच्या गाडीप्रवासाने घोडा आधीच थकलेला आणि सुकलेला असतो. भाड्याच्या घोड्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. मराठा फौजेत शिलेदार स्वतःच्या घोड्यावर लढे आणि बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा मेला तर शिलेदाराची पुंजी जाई, म्हणून तो त्याला जपे. भाड्याच्या घोड्यावर बसलेला आजचा हौशी स्वार बारगिराच्या जागी असतो. म्हणून मालक किंवा त्याचा मोतद्दार बरोबर असावा, आणि घोड्याबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा असावा.

स्वार : शेवटचा शब्द मोतद्दाराचा, पाण्याचा हिशेब तुझा. मग मी कशाला येतोय?

सोबती : तू नसतास तर मी मानवत सोडलंच नसतं. तुला टेकडीपलीकडं काय आहे ते बघायचं असतं, म्हणून आपण निघतो. मी फक्त परत आणतो.

या उत्तरात स्वाराच्या बाजूचे खरे बळ आहे, आणि ते कमी लेखू नये. ओढ नसेल तर शोध होत नाही. पाण्याचा हिशेब मांडणारा माणूस एकटा असता, तर तो घरी बसून बरोबर ठरला असता. घोड्याच्या पाठीवरून दिसणारे वाळवंट गाडीतून दिसत नाही. चाल मंद असते, नजर उंचावर असते आणि इंजिनाचा आवाज नसतो. सेवण गवताचा पट्टा कुठे सुरू होतो, खेजडीच्या सावलीत जमीन किती निवते, दूरचा कळप कुठल्या बाजूला वळतो, हे घोड्याच्या कानांवरून आधी कळते आणि स्वाराला मागाहून दिसते. खेजडी म्हणजे आपल्याकडे दसऱ्याला पुजतात ती शमी. एवढ्या दूर, वेगळ्या मातीत ती भेटावी याचा आनंद खरा आहे. तो मिळवण्यासाठी निघणे हे पुरेसे कारण आहे.

दोघे असण्याचा व्यावहारिक फायदाही मोठा. घोडे कळपात राहणारे प्राणी. एकटा घोडा अनोळखी माळावर बिचकतो, दुसरा बरोबर असला की शांत चालतो. एक स्वार पडला तर दुसरा मदत आणू शकतो. आणि थकवा चढत असताना स्वतःला तो कळत नाही, समोरच्याला कळतो. म्हणून निघण्यापूर्वीच एक करार असावा : दोघांपैकी कुणीही एकाने ‘थांबू’ म्हटले की थांबायचे, आणि कारण मुक्कामाला पोचल्यावर विचारायचे.

काळाबद्दल दोघांत वाद नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. थरच्या काठावरच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. परभणीचा उन्हाळा सोसलेल्यानेही त्या उन्हाची परीक्षा पाहू नये. हिवाळ्यात उलट रात्री पारा पाच अंशांच्या जवळ उतरतो, तेव्हा घामेजलेल्या घोड्याला आधी चालवून वाळवावे आणि मग झूल घालावी. सीमेलगतच्या पट्ट्यात परवानगी लागते. समच्या परिसरातले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान हा माळढोकाचा शेवटचा मोठा आसरा आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो पक्षी दिसेनासा होणे म्हणजे काय ते माहीत आहे. मरुभूमी उद्यानातून आडवाट काढू नये. गावाने देवासाठी राखलेल्या ओरणांतून जायचे, तर गावाला विचारून जावे, आणि तिथे काटकी तोडू नये.

स्वार : एवढं करून वाट सापडली, तर ती नकाशावर टाकीन. दुसऱ्यालाही जाता येईल.

सोबती : वाट टाक. कुई टाकू नकोस.

स्वार : पाण्याशिवाय नकाशाचा उपयोग काय?

सोबती : तलाव टाक, हौद टाक, कालवा टाक. पोरासोरांच्या तोंडचं पाणी टाकू नकोस. उद्या दहा जण दहा घोडे घेऊन त्या दारात उभे राहतील.

इथे स्वाराचा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही, कारण अपुरी माहिती पुढच्या माणसाला अडचणीत आणू शकते. तोडगा गावाला विचारण्यात आहे. कोणता पाणवठा सांगायचा आणि कोणता नाही, हे ज्यांचे पाणी त्यांनी ठरवावे, आणि न सांगितलेल्या पट्ट्यावर ‘इथे पाणी बरोबर आणावे’ असे स्पष्ट लिहावे. नोंदीत महिना लिहावा, कारण मार्गशीर्षात भरलेला तलाव फाल्गुनात कोरडा असू शकतो. जमीन कुठे रुतते आणि कुठे खूर दुखावणारे दगड आहेत, तेही लिहावे. घोड्याने कुठे किती पाणी प्यायले आणि थांबल्यावर त्याची नाडी किती वेळात खाली आली, हे रोज लिहावे. पुढच्या स्वाराला किलोमीटरच्या आकड्यापेक्षा याचा उपयोग अधिक होईल.